खेळाशेजारी कोण बसतं?

गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातलं एक गाव. धान कापणीला आलेलं, बांध्यांमधलं पाणी उतरलेलं. शाळा सुटल्यावर चार पोरं समाजमंदिराच्या ओट्यावर एका फोनभोवती बसली होती. फोन त्यांच्यातल्या एकाच्या मोठ्या भावाचा आणि खेळ गाड्या पळवण्याचा. खेळत एकजण होता, तिघं बघत होती, पण गप्प कुणीच नव्हतं. "डावीकडं घे", "अबे, ब्रेक नको मारू", "रिवॉर्ड आला, क्लेम कर!"

पडद्यावर 'रिवॉर्ड' आणि 'क्लेम' हे शब्द इंग्रजी अक्षरांत झळकले होते. खेळणाऱ्या, चौथीतल्या मुलानं दोन्ही शब्द न अडखळता वाचून दाखवले. मी वहीच्या पानावर तेच 'रिवॉर्ड' इंग्रजीत लिहिलं, तेही त्यानं लगेच ओळखलं. मग शब्दाची पहिली दोन अक्षरं बोटानं झाकली आणि उरलेला भाग वाचायला सांगितला. तो थांबला. शेजारी बसलेली तिसरीतली मुलगी म्हणाली, "तो वाचत नाही काका, त्याले पाठ आहे."

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'खेळ' हा विषय दिला, तेव्हा मी स्वतःसाठी एक नेमका प्रश्न ठरवून घेतला: व्हिडिओ गेममुळे मुलांची भाषा आणि लिहिणं-वाचणं सुधारू शकतं का? शहरातल्या महागड्या शाळेत याचं उत्तर शोधणं सोपं आहे. म्हणून मी कोहमाऱ्याच्या चौकातून सडक अर्जुनीकडं वळलो. इथं घरातला एकुलता फोन संध्याकाळी बापासोबत घरी येतो आणि शाळेतलं अक्षर घरच्या बोलीहून वेगळं ऐकू येतं. खेळ इथं उपयोगी पडत असेल तर तो कुठंही पडेल. जे पाहिलं आणि जगभरच्या अभ्यासांतून जे कळतं त्यावरून माझं उत्तर 'हो' असं आहे. मात्र त्याला एक अट आहे, आणि ती फोनच्या किमतीशी किंवा नेटवर्कशी निगडित नाही.

ओळखणं आणि वाचणं

त्या तिसरीतल्या मुलीनं जो फरक सांगितला, त्यावर वाचनाच्या अभ्यासकांनी बरीच वर्षं काम केलं आहे. मानसशास्त्रज्ञ उटा फ्रिथ यांनी १९८५ मध्ये वाचायला शिकण्याच्या पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर मूल शब्दाकडं चित्रासारखं बघतं. साबणाच्या वेष्टनावरचं नाव, एसटीवरची पाटी, खेळातलं 'स्टार्ट' हे सारं त्याला आकारावरून कळतं. दुसऱ्या पायरीवर अक्षर आणि ध्वनी यांची गाठ पडते, आणि कधीही न पाहिलेला शब्दही मूल उलगडू शकतं. तिसऱ्या पायरीवर हे उलगडणं इतकं सरावाचं होतं, की लक्ष शब्दावरून अर्थाकडं जातं.

बाजारातले खेळ पहिली पायरी भरपूर देतात. तिला कमी लेखू नये. छापलेल्या खुणेत काहीतरी निरोप असतो, तो कळला नाही तर आपण हरतो आणि कळला तर पुढं जातो, ही जाणीव वाचनाची पहिली भूक आहे. ज्या घरात पंचांग आणि वीजबिलाशिवाय छापील कागद येत नाही, तिथल्या मुलाला ही भूक खेळ लावतो. अमेरिकी भाषाभ्यासक जेम्स पॉल गी यांनी २००३ मध्ये व्हिडिओ गेम आणि साक्षरता यांवर पुस्तक लिहिलं. त्यांचा एक मुद्दा या ओट्यावर डोळ्यांसमोर घडत होता: खेळात शब्द गरजेच्या क्षणी येतो आणि त्याचा अर्थ कृतीतून तिथल्या तिथं कळतो. शब्दार्थ पाठ करून घ्यावे लागत नाहीत.

पण पहिल्या पायरीवरून दुसरीवर मूल आपोआप चढत नाही. वर्षभर गाडी पळवूनही त्या मुलाला 'रिवॉर्ड'मधली अक्षरं सुटी करता आली नव्हती. तिथं कुणीतरी अक्षर आणि ध्वनी यांची गाठ घालून द्यावी लागते. त्यासाठी वेगळ्या पद्धतीनं रचलेले खेळ लागतात, आणि शेजारी माणूस लागतो.

झाडीतला कान, पुस्तकातलं अक्षर

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा धानाचा आणि तलावांचा. सडक अर्जुनीतून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो, आसपास नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल आहे. या भागात घराघरांतून झाडीबोली ऐकू येते. पोवारांच्या घरी पोवारी असते, आदिवासी वस्त्यांवर गोंडी. बाजारात हिंदी चालते आणि छत्तीसगढीही कानावर पडते. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, दंडार हे लोकनाट्य रंगतं, झाडीपट्टीची नाटकं रात्र जागवतात. ऐकण्या-बोलण्याच्या बाबतीत इथलं मूल गरीब नाही. सहा वर्षांचं पोर दोन-तीन बोलींमध्ये सहज ये-जा करतं.

अडचण शाळेच्या पाटीवर सुरू होते. झाडीबोलीत 'ण'च्या जागी 'न' येतो, 'ळ'च्या जागी पुष्कळदा 'र' आणि 'श'च्या जागी 'स'. घरी 'पानी', 'डोरा', 'सेत' म्हणणाऱ्या मुलासमोर पुस्तक 'पाणी', 'डोळा', 'शेत' ठेवतं. अक्षर आणि ध्वनी यांची गाठ घालायची, तर त्यातला ध्वनीच मुलाच्या कानात नसतो. पुण्यातल्या मुलाला जी गाठ एकदा घालावी लागते, ती इथल्या मुलाला दोनदा घालावी लागते.

त्यात देवनागरीची स्वतःची वळणं आहेत. 'कि'मधली वेलांटी लिहिताना आधी येते, उच्चारताना नंतर. एकच 'र' हा 'सूर्य', 'चक्र', 'राष्ट्र' आणि 'तऱ्हा' या चार शब्दांत चार रूपं घेतो. बंगळुरूच्या संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड शाळांमधल्या मुलांच्या वाचनाचा अभ्यास केला. भारतीय लिप्यांमध्ये व्यंजन, स्वरचिन्हं आणि जोडाक्षरं मिळून चिन्हांचा संच मोठा होतो. त्यामुळं तो पुरता आत्मसात व्हायला मुलांना पहिली-दुसरी पुरत नाही, ही वाटचाल चौथीपर्यंतही चालते, असं त्यांच्या कामातून दिसलं. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांवर बेतलेला खेळ नुसती अक्षरं बदलून मराठीत आणला तर तो लंगडा पडतो, त्याचं कारण हेच आहे. मराठीचा खेळ बाराखडीच्या अंगानं रचावा लागेल, वेलांटीची उलटी जागा त्याला मुद्दाम शिकवावी लागेल आणि जोडाक्षरांसाठी त्यात स्वतंत्र टप्पे लागतील.

फिनलंडचा खेळ, झांबियाचा धडा

अक्षर-ध्वनीची गाठ खेळातून घालण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न फिनलंडमधल्या युवास्क्युला विद्यापीठात झाला. प्राध्यापक हेक्की ल्यूतिनेन आणि त्यांचे सहकारी वाचनदोषाचा वारसा असलेल्या कुटुंबांतल्या मुलांचा जन्मापासून अभ्यास करत होते. त्यातून 'ग्राफोगेम' तयार झाला. खेळ दिसायला साधा आहे. कानात एक ध्वनी ऐकू येतो, पडद्यावर काही अक्षरं येतात, त्यांतलं बरोबर अक्षर पकडायचं. चुकलं तर बरोबर अक्षर लगेच दाखवलं जातं. मुलाच्या उत्तरांवरून खेळ आपली पातळी बदलत राहतो, म्हणजे बहुतेक वेळा उत्तर बरोबर येईल पण कंटाळा येणार नाही. आधी ध्वनी, मग अक्षरगट, मग शब्द.

वर्गात हेच काम करायला चाळीस मुलांच्या शिक्षकाला किती कष्ट पडतात, ते कोणत्याही जिल्हा परिषद शाळेत बसून बघावं. एका मुलाला एक अक्षर पन्नास वेळा विचारायचं, प्रत्येक वेळी तत्काळ दुरुस्त करायचं आणि पन्नासाव्या वेळीही आवाज चढू द्यायचा नाही, हे माणसाला जमत नाही. यंत्राला जमतं. शिवाय चूक झाली तर वर्ग हसत नाही. मागं पडलेल्या मुलासाठी ही गोष्ट फार मोठी असते.

मग हा खेळ सगळीकडं चालला का? झांबियाची राजधानी लुसाका इथं पहिलीच्या मुलांसाठी तो न्यान्जा भाषेत वापरून पाहिला गेला. काही ठिकाणी फक्त मुलं खेळली, काही ठिकाणी फक्त शिक्षक आणि काही ठिकाणी दोघंही. मुलांबरोबर शिक्षकही खेळले तिथं फायदा सर्वांत जास्त दिसला. अक्षर आणि ध्वनी यांचा मेळ खेळात कसा घातलाय ते शिक्षकांना उमगलं आणि त्याच क्रमानं ते फळ्यावर शिकवू लागले. पुढं अनेक देशांतले अभ्यास एकत्र ठेवून २०२० मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. सगळे प्रयोग मिळून सरासरी काढली तर शब्दवाचनावर या खेळाचा परिणाम जवळपास शून्य निघाला. पण मोठ्या माणसाचा सहभाग जास्त होता ते प्रयोग वेगळे काढले, तेव्हा फायदा ठळक दिसला.

या लेखातली सर्वांत महत्त्वाची माहिती माझ्या मते हीच आहे. खेळ तोच, अक्षरं तीच. फरक पडला तो शेजारच्या माणसानं.

याच्या उलट एक प्रयोग आहे, तोही सांगितला पाहिजे. 'ग्लोबल लर्निंग एक्सप्राइझ' या स्पर्धेत टांझानियातल्या सुमारे १७० खेड्यांत मुलांना स्वाहिलीतल्या शिकण्याच्या खेळांचे टॅबलेट दिले गेले. यातल्या बहुतेक मुलांनी शाळा पाहिली नव्हती. नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांना स्वाहिलीतला एकही शब्द वाचता येत नव्हता. पंधरा महिन्यांनी हे प्रमाण निम्म्यावर आलं. २०१९ मध्ये 'वनबिलियन' आणि 'किटकिट स्कूल' या दोन खेळ-संचांना पारितोषिक विभागून मिळालं. शिक्षक नसलेल्या ठिकाणीही चांगला खेळ काहीतरी देऊन जातो, हे यातून कळतं. पण पंधरा महिने खेळूनही उरलेली निम्मी मुलं तिथंच राहिली, हेही त्याच आकड्यांत आहे. ती उरलेली मुलं माणसाची वाट बघत असतात.

लगोरीपासून लेव्हलपर्यंत

भारतातल्या खेड्यांसाठी फोनवरचे भाषाखेळ बनवण्याचं काम मॅथ्यू कॅम यांनी बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना २००४ च्या सुमारास हाती घेतलं. 'मिली' नावाच्या या प्रकल्पाचं बरंचसं काम उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत झालं, तेही साध्या बटणांच्या फोनच्या काळात. पाश्चात्त्य व्हिडिओ गेमच्या धर्तीवर केलेले सुरुवातीचे खेळ मुलांच्या पचनी पडेनात. तेव्हा ही मंडळी गावात मुलं काय खेळतात ते बघत बसली. पाठलाग, लपाछपी, नेम आणि गट पाडून खेळायचे डाव त्यांनी नोंदवले, त्यांचे नियम सोडवून पाहिले आणि त्या घाटाचे नवे खेळ घडवले. शाळेनंतरच्या वर्गात हे खेळ खेळलेल्या मुलांची इंग्रजी शब्दांची जाण वाढल्याचं त्यांना दिसलं.

त्यातला नंतरचा एक अभ्यास १८ मुलांवर २६ आठवडे चालला. मुलांना फोन घरी न्यायला दिले होते आणि ती शेतात, गुरांमागं, फावल्या वेळात स्वतःहून किती खेळतात ते पाहिलं. मुलं खेळली आणि शिकलीही. पण कुणी कुणासोबत फोन वाटून खेळायचं, यावर जात आणि मुलगा-मुलगी हा भेद पहारा ठेवून होता. गावातली विषमता फोनमध्ये शिरते. तिला बाहेर ठेवायचं कामही माणसालाच करावं लागतं.

गावच्या खेळांपासून शिकणं महाराष्ट्राला नवं नाही. गोट्या, लगोरी, लंगडी यांत पातळ्या असतात, डाव जातो, पुन्हा राज्य येतं. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेच्या संस्थापक डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचन शिकवताना सगळी वर्णमाला आधी घोकून घेण्याचा मार्ग सोडला. मोजकी अक्षरं, एखादी काना-मात्रा आणि लगेच त्यातून होणारे शब्द, असा क्रम त्यांनी धरला. मूल पहिल्या आठवड्यातच शब्द वाचतं, जिंकल्याचा आनंद घेतं आणि पुढच्या अक्षरांकडं वळतं. आजची मुलं ज्याला 'लेव्हल पार करणं' म्हणतात, ती गोष्ट फलटणच्या वर्गात फोनशिवाय घडत होती. मराठीचा चांगला अक्षरखेळ बनवायचा असेल, तर त्याचा आराखडा इथंच तयार आहे.

एक फोन, पाच मुलं

तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत दुसरी-तिसरीचा वर्ग बघायला बसलो. फोन मॅडमचा स्वतःचा, नेटही त्यांचंच. मुलांचे पाच-पाच जणांचे गट पाडलेले. एका गटापुढं फोन, बाकीच्या गटांपुढं पुठ्ठ्याची अक्षरं. जुन्या लग्नपत्रिका कापून मॅडमनी ती बनवली होती.

फोनवर मराठी गोष्टींचं वाचन ऐकून तपासणारं एक ॲप होतं. मूल मोठ्यानं वाचतं, बरोबर शब्द उजळतो, वाक्य संपलं की चांदण्या मिळतात. एका मुलीनं 'डोळा' हा शब्द पाहिला आणि घरच्या सवयीनं 'डोरा' म्हटलं. शब्द उजळला नाही. तिनं पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. तिचा चेहरा उतरला. फोन एकटा असता, तर खेळ तिथंच थांबला असता. मॅडम खाली बसल्या. "घरी आपण काय म्हणतो? डोरा. बरोबर आहे ते. आजी पण डोराच म्हणते. आता इथं कसं लिहिलंय बघ. जीभ मागं वळव." मुलीनं जीभ वळवली, तिसऱ्या खेपेला शब्द उजळला आणि पाचही मुलं ओरडली. मग गटातल्या एका मुलानं आपणहून विचारलं, "मॅडम, कारा म्हंजे काळा ना?" खेळानं न शिकवलेला नियम त्यानं स्वतः काढला होता.

त्या दोन मिनिटांत मॅडमनी जे केलं, ते कोणत्याही ॲपमध्ये भरलेलं नाही. त्यांनी मुलीच्या बोलीला चूक ठरवलं नाही आणि पुस्तकातलं रूपही सोडलं नाही. दोन्ही शेजारी ठेवली. ऐकणाऱ्या यंत्रांना प्रमाण उच्चारांची आणि मोठ्यांच्या आवाजांची सवय जास्त असते. लहान मुलांचे आणि बोलींचे उच्चार त्यांना अजून नीट कळत नाहीत. जोवर ते कळत नाहीत, तोवर बोली बोलणाऱ्या मुलाला फोनसमोर एकटं बसवणं म्हणजे त्याच्या घरचं बोलणं दिवसातून दहादा खोडणं आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांच्यापुढं असाच पेच होता. मुलांची घरची भाषा कन्नड, पुस्तकं दुसऱ्या भाषेत. ते स्वतः कन्नड शिकले, पुस्तकं मुलांच्या भाषेत नेली आणि त्यांत क्यूआर कोड घालून कविता, ध्वनिफिती, गोष्टी जोडल्या. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. क्यूआर कोडची चर्चा खूप झाली. आधी शिक्षकानं मुलांची भाषा शिकून घेतली, या गोष्टीकडं तेवढं लक्ष गेलं नाही. क्रम मात्र तोच होता: आधी भाषा, मग तंत्र.

मोठ्यानं वाचण्याच्या खेळाचा मोठा प्रयोगही आपल्याकडं झाला आहे. गुगलनं २०१९ च्या मार्चमध्ये 'बोलो' हे ॲप हिंदीतून आणलं, त्याआधी उत्तर प्रदेशातल्या सुमारे २०० खेड्यांत ते तपासलं होतं. तीन महिन्यांत ६४ टक्के मुलांचं वाचन सुधारल्याचं कंपनीनं सांगितलं. पुढच्या वर्षी ते 'रीड अलाँग' या नावानं जगभर आलं, त्यात मराठीही होती. एकदा उतरवून घेतलं की ते नेटशिवाय चालतं. जंगलकाठच्या गावात ही सोय मोलाची आहे. शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेनं महाराष्ट्र, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत मुलांचे छोटे गट करून एका गटाला एक टॅबलेट देण्याची पद्धत वापरली. गरिबीतून आलेली ही वाटणी भाषेच्या दृष्टीनं फायद्याची ठरते. पाचजणांत एक फोन असला की बोलावं लागतं, सांगावं लागतं, भांडावं लागतं, पटवून द्यावं लागतं. प्रत्येकाच्या हातात एकेक फोन दिला की हे सगळं बंद होतं.

वीज गेली तेव्हा मॅडमच्या त्या वर्गात काही थांबलं नाही. फोनचा गट पुठ्ठ्याच्या अक्षरांकडं सरकला. तिथंही लेव्हल होत्या: पहिलीत 'क, म, ल' आणि काना, दुसरीत वेलांट्या. कमाल, माल, काम, लाल असे शब्द जमिनीवर मांडले जात होते. खेळाची रचना मॅडमनी फोनमधून घेतली होती आणि सामान घरातून आणलं होतं.

खेळ संपल्यावरची भाषा

खेळाचा दुसरा फायदा पडद्याबाहेर होतो. ब्रिटनच्या नॅशनल लिटरसी ट्रस्टनं २०२० मध्ये ११ ते १६ वयाच्या खेळणाऱ्या मुलांची पाहणी केली. त्यांपैकी ७९ टक्के मुलं महिन्यातून एकदा तरी खेळाशी संबंधित काहीतरी वाचत होती आणि ६३ टक्के मुलं काहीतरी लिहीत होती. पुस्तक हातात न धरणारी मुलं खेळाच्या युक्त्या, परीक्षणं आणि गोष्टी वाचतात. वाचनाची सवय पुस्तकातूनच लागली पाहिजे, असा हट्ट मोठ्यांचा असतो. मुलाला फक्त त्याच्या कामाचा मजकूर हवा असतो.

सडक अर्जुनीत मराठीतून खेळाबद्दल वाचायला फारसं काही नाही. पण बोलायला आहे. मॅडमच्याच शाळेतल्या एका सरांनी चौथी-पाचवीच्या मुलांना एक काम दिलं होतं: आपला आवडता खेळ, तो कधीच न खेळलेल्या माणसाला तोंडी समजावून सांगायचा, मग पाच ओळींत त्याचे नियम लिहायचे. ओट्यावरचा गाडीवाला मुलगा याच शाळेतला निघाला. त्याला उभं केलं तेव्हा तो सुरुवातीला नुसते हात हलवत होता. सर म्हणाले, "मले नाही दिसत तुझा फोन. शब्दात सांग." मग शब्द येऊ लागले. "आधी गाडी निवडायची. मग वळण आलं का ब्रेक मारायचा. नाही मारला तर गाडी पलटते. तीनदा पलटली का डाव संपते."

आधी, मग, का, तर. गोष्ट क्रमानं सांगायला, कारण द्यायला, अट घालायला ही जोडणारी अव्ययं लागतात. निबंधात ती मुलांकडून काढून घेताना शिक्षक थकतात. इथं ती आपोआप आली, कारण त्या मुलाकडं सांगण्यासारखं काहीतरी होतं आणि ऐकणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. लिहिताना त्याच्या पाच ओळींत चुका होत्या, पण पाचही ओळी त्याच्या स्वतःच्या होत्या. दुसऱ्या मुलानं त्या वाचल्या आणि विचारलं, "ब्रेक कोन्या बाजूले असते, ते नाही लिवलं." तो परत लिहायला बसला. लेखन तपासून सुधारणं म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

जिथं खेळ मुलाला गिळतो

या लेखातून कुणी मुलाच्या हातात फोन देऊन निर्धास्त होऊ नये, म्हणून ही बाजू तितक्याच स्पष्टपणे सांगतो. ग्रामीण शिक्षणाच्या 'असर' २०२४ या पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. फोन वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के, मुली २७ टक्के. मुलाला खेळायला फोन मिळतो, मुलीला तो स्वयंपाक आटोपल्यावर मिळाला तर मिळतो. खेळातून शिकणं वाढवायचं आणि ही दरी तशीच ठेवायची, तर मुली आणखी मागं पडतील.

फुकट मिळणारे पुष्कळ खेळ जाहिरातींवर आणि आतल्या खरेदीवर चालतात. मूल थांबू नये, यासाठीच त्यांची रचना केलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेनं खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत जागा दिली आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोरचा वेळ दिवसाला एका तासाच्या आत असावा, असं तीच संघटना २०१९ पासून सांगते आहे. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायद्यानं बंदी घातली. त्याच कायद्यात शैक्षणिक खेळांना प्रोत्साहन देण्याची तरतूद आहे. सरकारनं एक दार लावून दुसरं उघडं ठेवलं आहे, पण त्या उघड्या दारातून मराठीत काय येणार, हे अजून ठरायचं आहे.

ओट्यावर बसलेल्या पोरांच्या आया त्या दिवसांत धान कापायला सूर्य उगवण्याआधी बांधीवर जात होत्या. मुलाशेजारी बसायला त्यांना वेळ कुठून मिळणार? म्हणून शेजारी बसण्याची जबाबदारी आईवर टाकून मोकळं होता येणार नाही. मोठी बहीण, आजोबा, अंगणवाडीताई, सुटीत घरी आलेला कॉलेजातला दादा, शाळेतला गट यांपैकी कुणीही चालेल. वाचता येणारा माणूस हवाच असंही नाही. "हे काय लिहिलंय? आता काय होईल? तू असं का केलंस?" हे तीन प्रश्न विचारणारी निरक्षर आजीही मुलाची भाषा वाढवते, कारण उत्तर देताना मुलाला पूर्ण वाक्यं करावी लागतात.

आता आपण

सरकारकडून तीन गोष्टी हव्या आहेत. बालभारती आणि राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेनं देवनागरीच्या रचनेवर बेतलेला, नेटशिवाय चालणारा, जाहिरात नसलेला मराठी अक्षरखेळ तयार करावा आणि तो सर्वांसाठी खुला ठेवावा. त्यात झाडीबोली, पोवारी, गोंडी, अहिराणी, कोरकू अशा घरच्या भाषांतून प्रमाण मराठीकडं येण्याची वाट असावी. या बोलींमधले मुलांचे आवाज गोळा करून यंत्राला ते उच्चार शिकवावेत. आणि शिक्षकांना या खेळाचं प्रशिक्षण देताना झांबियाचा धडा लक्षात ठेवून आधी शिक्षकांनी तो स्वतः खेळावा. फोन आणि नेट यांचा खर्च शिक्षकांच्या खिशातून होऊ नये, हे वेगळं सांगायला नको.

पण सरकार हलेपर्यंत मुलं मोठी होतात. म्हणून वाचकांना एक विनंती आहे. या दिवाळीत आणि त्यानंतरच्या मंडईत तुम्ही गावी जाल. घरातली, शेजारची पोरं तुमच्या फोनभोवती जमतील. फोन देऊन दुसरीकडं वळू नका. रोज वीस मिनिटं त्यांच्याजवळ बसा, फोन मधोमध ठेवा, मुलींना आधी खेळू द्या, पडद्यावरचा शब्द फोडून विचारा, खेळ झाल्यावर तो सांगायला लावा आणि दोन ओळी लिहून घ्या. मूल घरच्या बोलीत सांगत असेल तर त्याच बोलीत ऐका. खेळ मुलाला वाचायला बसवतो, वाचायला शिकवतो तो शेजारचा माणूस. तो माणूस तुम्ही व्हा.